मैनाताईंचा राज्यशास्त्राचा पेपर

सकाळच्या इगतपुरी गाडीला रोज बसणाऱ्यांना त्याची सवय झाली होती, नवा माणूस मात्र दचकायचा. शहर मागे पडलं, तिकिटं देऊन झाली, की कंडक्टरबाई आपल्या सीटवर टेकायच्या, डोळे अर्धे मिटायच्या आणि पुटपुटायला लागायच्या. ओठ हलताहेत, बोटं तिकिटाच्या मशीनवर ठेका धरताहेत, मधूनच मान डोलतेय. वाडीवऱ्ह्याच्या एका आजीबाईंची तर खात्रीच पटली होती की बाईंचं काहीतरी कडक व्रत चालू आहे. उतरताना त्या मैनाताईंना हात जोडायच्या. मैनाताईही जोडायच्या. आता देवाधर्माच्या म्हातारीला कसं सांगायचं, की आजी, हा जप नाही, राज्यसभेची रचना आहे?

मैना शेखर पगारे. वय पंचेचाळीस, त्यातली अठरा वर्षं खाकीत. उंचीने बेताच्या, पण आवाज असा की त्यांनी ‘आत सरका’ म्हटलं की स्टँडवर उभी असलेली माणसंसुद्धा दोन पावलं सरकायची. नवरा शेखर सातपूरला एका कारखान्यात फिटर. बोलायला कमी आणि चहा टाकायला सदैव तयार. मुलगी वैष्णवी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सिडकोत दोन खोल्यांचं घर. म्हणजे तसं पाहिलं तर सगळं जागच्या जागी होतं. मैनाताईंचं बी.ए. तेवढं एका विषयावर लटकलेलं होतं.

मैनाताईंचं माहेर देवळ्याजवळचं. बारावी झाल्यावर त्यांनी हौसेने बी.ए.ला नाव घातलं होतं. पहिल्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली आणि त्यांचं लग्न ठरलं. कुणी वाईट वागलं नाही, कुणी वह्या चुलीत घातल्या नाहीत. फक्त ‘परीक्षा देऊन जा’ असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि मैनाताईंनाही तेव्हा मान वर करून ते सांगायचं सुचलं नाही. त्याचाच त्यांना पुढे फार राग यायचा. मुळात अर्धं काम या बाईला सोसतच नाही. शेजारणीकडे बसायला गेल्या आणि तिथे मेथीची जुडी अर्धी निवडलेली दिसली, तर ती पुरी निवडून दिल्याशिवाय त्या उठत नाहीत. शेजारणी आता मुद्दाम जुडी समोर ठेवतात, ही गोष्ट वेगळी.

चार वर्षांपूर्वी वैष्णवीचा अकरावीचा फॉर्म भरताना ‘आईचे शिक्षण’ असा रकाना आला. वैष्णवीने न विचारता ‘बारावी’ लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळली. मैनाताई त्या शब्दाकडे बघत राहिल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांनी दूरशिक्षणाचा अर्ज आणला. आगारात लोक विचारायचे, “काय मॅडम, बढतीसाठी का?” मैनाताई ‘हो’ म्हणायच्या, कारण ते उत्तर ऐकलं की लोक पुढचं विचारायचे थांबतात.

तीन वर्षांत बाकी सगळे पेपर सुटले. राज्यशास्त्राचा एक राहिला. डिसेंबरात परत दिला, परत राहिला. आणि आता नोंदणीची मुदत संपत आली होती. मे महिन्यातला पेपर शेवटचा. त्यात विषय सुटला नाही तर नियमाप्रमाणे नाव रद्द, आणि बी.ए. करायचंच असेल तर परत पहिल्या वर्षापासून. अभ्यासकेंद्रातल्या स्नेहल मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मैनाताईंनी ते परत एकदा सांगायला लावलं. पंचेचाळिसाव्या वर्षी माणूस एकदा धीर करतो, दुसऱ्यांदा त्याच्याने होत नाही, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं.

बरं, अभ्यासात त्या कमी पडत होत्या म्हणावं तर तसंही नाही. उलट त्यांनी पाठांतराची अशी एक तऱ्हा काढली होती की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. प्रत्येक उत्तर त्यांनी इगतपुरीच्या रूटवर बसवलं होतं. एक थांबा, एक मुद्दा. गाडी सुटते त्या सीबीएस स्टँडला प्रस्तावना. मुंबई नाक्याला पदाची निर्मिती. लेखानगरला पात्रता, पाथर्डी फाट्याला निवड, विल्होळीला कार्यकाळ. वाडीवऱ्ह्याला कायद्याचे अधिकार, गोंद्याला पैशाचे, मुंढेगावला न्यायाचे. घोटीला मर्यादा, आणि इगतपुरीला गाडी थांबली की समारोप. राष्ट्रपती याच रूटने जायचे, राज्यपाल याच रूटने, पंतप्रधानही याच रूटने. गाडी धावायची तसं उत्तर धावायचं, आणि इगतपुरीच्या स्टँडवर पाय टाकेपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. मग परीक्षेत हे सगळं जायचं कुठे, हेच मैनाताईंना कळत नव्हतं.

घरी वैष्णवी त्यांची मास्तरीण होती. बारावीला एक्याण्णव टक्के मिळवलेली पोर, तिचा शब्द घरात शेवटचा. डिसेंबरचा निकाल लागला त्या रविवारी तिने आईसाठी टाइमटेबल बनवलं. सहा रंगांचं. सकाळी साडेनऊला बसली ती दुपारी चारला उठली. मधे शेखरने दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं, “अभ्यास कधी चालू होणार?”

“पप्पा, प्लॅनिंग हाच अर्धा अभ्यास असतो,” वैष्णवी म्हणाली.

टाइमटेबल फ्रिजवर लागलं. दिसायला इतकं देखणं होतं की पाहुणे बघून जायचे. मग वैष्णवीने आईच्या पुस्तकावर मार्कर चालवायला शिकवलं. महत्त्वाचं ते पिवळं, फार महत्त्वाचं ते गुलाबी, व्याख्या हिरवी. पहिल्या पानावर दोन ओळी पिवळ्या झाल्या. दहाव्या पानापर्यंत मैनाताईंना सगळंच महत्त्वाचं वाटायला लागलं, आणि संसदेचं आख्खं प्रकरण हळदीच्या डब्यात पडल्यासारखं दिसायला लागलं. “आता हे तीनदा वाच,” वैष्णवी सांगायची, आणि स्वतः समोर बसून आपलं जाडजूड पुस्तक उघडायची. हातात चार मार्कर, शेजारी मोबाईल. मैनाताई वाचायच्या. तिसऱ्यांदा वाचताना सगळं अगदी ओळखीचं वाटायचं, छान वाटायचं. लेक शिकवतेय आणि आपण शिकतोय, या सुखातच अर्धा तास निघून जायचा.

जानेवारी असाच गेला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी गाडी इगतपुरीला लागली. परत निघायला पाऊण तास होता. ड्रायव्हर फकिराभाऊ आणि मैनाताई स्टँडच्या कट्ट्यावर डबे सोडून बसले. फकिराभाऊंचं वय छप्पन्न, शिक्षण आठवी, आणि स्वभाव असा की समोरची गाडी, रस्त्यावरची म्हैस आणि आगारातला साहेब या तिघांशी ते एकाच आवाजात बोलत. मैनाताईंच्या पिशवीतून डोकावणारं पिवळंधम्मक पुस्तक त्यांनी उचललं, हात लांब करून धरलं आणि मधलंच एक पान उघडलं.

“ताई, सांगा बरं. राज्यपालाला घरी कोन पाठवतं?”

प्रश्न सोपा होता. मैनाताईंनी पोळीचा घास खाली ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं, “भारताने संघराज्य पद्धतीचा स्वीकार केला असून घटक राज्यांच्या...”

“ते नाय. घरी कोन पाठवतं?”

“येतंय ना भाऊ. तिथंच चाललेय. घटक राज्यांच्या कार्यकारी प्रमुखाचे पद...”

फकिराभाऊंनी पुस्तक मांडीवर मिटलं. “ताई, मी घोटीला चढलोय.”

“म्हणजे?”

“म्हंजे मी पॅसेंजर हाय आन् घोटीला चढलोय. मला इगतपुरीचं तिकीट पायजे. तुम्ही काय मला आधी सीबीएसला नेऊन मंग आनता का?”

मैनाताई हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. घास हातात घेऊन त्या तशाच बसल्या. डिसेंबरचा पेपर त्यांना पहिल्यांदा नीट दिसला. प्रश्न होता राज्यसभेपेक्षा लोकसभा कशी वरचढ याचा; म्हणजे सरळ गोंद्याला चढून घोटीला उतरायचं होतं. आणि त्यांनी केलं काय, तर सीबीएसवरून गाडी सोडली. प्रस्तावना लिहिली, रचना लिहिली, पात्रता लिहिली, सदस्यांचं किमान वय लिहिलं. तेही दोन्ही सभागृहांचं, आधी एकाचं संपूर्ण, मग दुसऱ्याचं. प्रत्येक प्रश्नाला तसंच. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, पर्यवेक्षकांनी पेपर ओढून घेतला, तेव्हा मैनाताईंची गाडी वाडीवऱ्ह्यालाच उभी होती. बरं, राष्ट्रपती आणि राज्यपाल दोघेही एकाच रूटवर असल्यामुळे विल्होळीला कोण कुठला चढला, यातही घोळ झालेला. परीक्षकाने तरी काय करावं?

“भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “मला मधनं येतच नाही.”

“मंग लय अवघड हाय,” फकिराभाऊ म्हणाले आणि लोणच्याची फोड चोखायला लागले. “पॅसेंजर तर कुठंबी हात दाखवतो.”

त्या दिवशी परतीच्या गाडीत मैनाताईंनी पुटपुट केली नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. चार वर्षं आपण अभ्यास करत होतो की नुसती गाडी पळवत होतो, या विचाराने त्यांना रडू येत होतं, आणि खाकीत रडणं त्यांना आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनच्या कागदाची उरलेली शेपटं गोळा करायला सुरुवात केली. रोल संपत आला की शेवटचे दोन हात कागदावर लाल पट्टा येतो आणि तो तुकडा फेकून द्यावा लागतो. मैनाताईंनी आगारातल्या राजूला सांगून ठेवलं, तो सगळ्या कंडक्टरांकडची शेपटं जमवून द्यायचा. त्याच्या चिठ्ठ्या फाडायच्या, प्रत्येक चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहायचा. उत्तर नाही, फक्त प्रश्न. ‘पैशाचं बिल राज्यसभा किती दिवस अडवते?’ ‘राष्ट्रपतीला आहे आणि राज्यपालाला नाही, असं काय?’ सगळ्या चिठ्ठ्या खाकी शर्टाच्या डाव्या खिशात. विल्होळी मागे पडली की खिशात हात घालायचा, येईल ती काढायची आणि तिथूनच सुरुवात करायची. मागचं काही म्हणायचं नाही, प्रस्तावना नाही, भारताने कशाचाही स्वीकार करायचा नाही.

पहिले पंधरा दिवस नुसती फजिती. चिठ्ठी काढली की समोर कोरी पाटी. तीनदा वाचून ओळखीचं झालेलं पान डोळ्यांपुढे यायचं, त्यातला गुलाबी रंग दिसायचा, पण अक्षर दिसायचं नाही. पुस्तक पिशवीत हाताशी असायचं, आणि ते उघडायचा मोह इतका की एकदा मैनाताईंनी ते ड्रायव्हरच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. “भाऊ, मागितलं तरी घोटीपर्यंत द्यायचं नाही,” त्यांनी बजावलं. फकिराभाऊंनी ते शब्दशः पाळलं. मुंढेगावला मैनाताई गयावया करत पुढे आल्या, “एकच ओळ बघते,” तर हे आरशात बघून म्हणाले, “मॅडम, गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये.” मागच्या बायका हसल्या.

एका रविवारी त्यांनी केंद्रावर स्नेहल मॅडमना रडवेल्या आवाजात सांगितलं की आधी निदान सगळं येतंय असं वाटायचं, आता काहीच येत नाही. मॅडम तिशीच्या आतल्या, मैनाताईंपेक्षा सोळा-सतरा वर्षांनी लहान. त्या म्हणाल्या, “ताई, येत तेव्हाही नव्हतं. आता ते दिसायला लागलंय. विसरलेलं खेचून आठवताना जो त्रास होतो ना, तोच अभ्यास. तो चुकवू नका.”

मैनाताईंनी तो त्रास चुकवला नाही. पहाटे पाच ते पावणेसहा ओट्याजवळच्या स्टुलावर बसायचं, हे ठरलं ते ठरलं. सुट्टी असो, पाहुणे असोत, अंग मोडून आलेलं असो. मोबाईल त्या वेळात शेखरच्या उशाखाली. वही कोरी उघडायची, कालच्या अडलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरं आठवून लिहायची, आणि मगच पुस्तक उघडून चुकलेलं लाल पेनने दुरुस्त करायचं. आलेली चिठ्ठी चार दिवसांसाठी उजव्या खिशात, न आलेली परत डाव्या. मार्चमध्ये डावा खिसा फुगलेला असायचा आणि उजवा चपटा. एप्रिलच्या मध्यावर दोन्ही सारखे झाले. हे लक्षात आलं तेव्हा मैनाताई आरशासमोर उभ्या होत्या, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना तो खाकी शर्ट आपल्याला शोभतो असं वाटलं.

मुख्य म्हणजे गाडीतल्या लोकांनाही त्याचा नाद लागला. गोंद्याच्या कारखान्यात जाणाऱ्या चार-पाच बायका पुढच्या सीटवर बसायच्या, त्यातली कुसाबाई तर रोज हात पुढे करायची, “ताई, आज मी काढते चिठ्ठी.” कुसाबाई चिठ्ठी काढून अडखळत वाचायची, मैनाताई उत्तर द्यायच्या आणि बायका माना डोलवायच्या. एकदा उत्तर झाल्यावर कुसाबाई म्हणाली, “पन मंग त्या राज्यपालाला काय कामच नाय का?” मैनाताईंना थांबावं लागलं. पुस्तकात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. सरकार पडतं तेव्हा काय होतं, कुणालाच बहुमत नसतं तेव्हा कुणाला बोलवायचं हे कोण ठरवतं, असं करत करत त्यांनी आपल्या शब्दांत कुसाबाईला समजावलं. गोंदे फाटा आला तेव्हा कुसाबाई म्हणाली, “म्हंजे हाय काम. पन रोज नाय.” मैनाताईंनी ते वाक्य चिठ्ठीवर लिहून घेतलं. इतकं चांगलं उत्तर पुस्तकातसुद्धा नव्हतं.

फ्रिजवरचं टाइमटेबल तसंच होतं. वैष्णवी एकदा जरा दुखावून म्हणाली, “आई, तू माझी मेथड फॉलोच करत नाहीस.”

“अगं, मला नाही जमत तुझ्यासारखं,” मैनाताई म्हणाल्या. “तुम्ही हुशार पोरं. आम्हाला मेलं घासावं लागतं.” हे त्या मनापासून म्हणाल्या होत्या. वैष्णवी आत निघून गेली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पेपर झाला. सकाळी शेखरने स्कूटरवरून सोडलं. गेटवर उतरवल्यावर तो एवढंच म्हणाला, “पाण्याची बाटली घेतली ना?” मैनाताईंना ते फार बरं वाटलं. वर्गात त्यांच्या बाकावर शेजारी विशीतली मुलगी होती. तिने आधी त्यांना पर्यवेक्षक समजून उठून जागा दिली.

प्रश्नपत्रिका हातात आली. पहिलाच प्रश्न: राज्यपालाचं पद नामधारी आहे की प्रभावी, हे राष्ट्रपतीपदाशी तुलना करून लिहा. मैनाताईंचा हात सवयीने चालू झाला. ‘भारताने संघराज्य पद्धतीचा’ एवढं लिहून झालं आणि त्या थांबल्या. त्यांनी पट्टी घेतली, त्या तीन शब्दांवर सरळ रेघ ओढली. मग खाली लिहिलं, ‘राज्यपालाला काम आहे, पण ते रोज दिसत नाही.’ आणि तिथून पुढे निघाल्या. एक मुद्दा राष्ट्रपतीचा, लगेच त्याच्यासमोर राज्यपालाचा. मधेच अडल्या. पूर्वीच्या मैनाताई अशा वेळी मागे जाऊन पहिल्यापासून म्हणायला लागल्या असत्या. आता त्यांनी ती जागा मोकळी सोडली, पुढचा प्रश्न घेतला, आणि वीस मिनिटांनी ते आपसूक आठवल्यावर परत येऊन लिहिलं. पाचवं उत्तर पूर्ण झालं तेव्हा चार मिनिटं उरली होती. ती चार मिनिटं त्यांनी खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघत काढली. पास होऊ की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. पण आज जे येत होतं ते सगळं कागदावर उतरलं होतं, आणि असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

निकाल जूनच्या शेवटी लागला. गाडी घोटीच्या स्टँडवर उभी होती. वैष्णवीचा फोन आला. “आई, एक्कावन्न!”

“पास कितीला असतं?” मैनाताईंनी विचारलं. चार वर्षं माहीत असलेली गोष्ट त्या क्षणी त्यांना आठवेना.

“आई! चाळीसला! झालीस तू! बी.ए. झालीस!”

मैनाताईंनी फोन खाली घेतला. फकिराभाऊ आरशातून बघत होते. त्यांना काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. स्टँडवरचा कंट्रोलर धावत बाहेर आला, आणि काय झालं ते कळल्यावर तोही पेढे मागायला लागला. मैनाताई दरवाजात उभ्या राहून घळाघळा रडल्या. खाकीत.

संध्याकाळी घरी शेखरने जिलेबी आणली होती. आल्या आल्या त्याने मैनाताईंच्या हातात ती द्यायची सोडून आधी त्यांचा हातच धरला आणि बराच वेळ धरून ठेवला, पोरीसमोर. शेजारणी येऊन गेल्या, पेढे वाटून झाले. मग शेखर रात्रपाळीला निघून गेला, आणि मैनाताईंच्या लक्षात आलं की वैष्णवीच्या ताटलीतली जिलेबी तशीच आहे.

“काय गं? बरं नाही का?”

वैष्णवी ताटलीकडे बघत होती. “आई, माझे दोन विषय राहिलेत.”

“कसले?”

“पहिल्या वर्षाचे. मॅथ्स टू आणि मेकॅनिक्स. डिसेंबरला परत दिले होते. आता मेमध्येपण दिले. आठ दिवसांपूर्वी लागला रिझल्ट. नाही निघाले.” तिचा आवाज बारीक होत गेला. “आता सप्लिमेंटरीला निघाले नाहीत तर तिसऱ्या वर्षाला घेणार नाहीत.”

मैनाताईंच्या ओठांवर बरंच काही आलं. वर्षभर तू सांगितलं नाहीस? ‘सगळं ओके आहे’ म्हणत होतीस? पप्पा ओव्हरटाइम करतात ते कशासाठी? आणि सगळ्यांत जास्त लागलं ते हे, की पोरगी रोज समोर बसत होती आणि आपण आपल्या चिठ्ठ्यांत दंग होतो.

“आणि तू मला शिकवत होतीस,” त्या एवढंच म्हणाल्या.

“तुला शिकवताना तरी मला वाटायचं की मला येतं,” वैष्णवी म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. “बारावीला क्लासचे सर सगळं करून द्यायचे गं. कॉलेजात कुणीच काही करून देत नाही. मी वाचते, मार्क करते, वाचताना सगळं कळतं. पेपर आला की काहीच नसतं. मला वाटलं, मी ढ आहे. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर...”

मैनाताईंनी तिला जवळ ओढलं. ही पोर त्यांच्या खांद्याच्या वर गेली होती, तरी ती तिथे मावली. त्यांना आपलं डिसेंबरचं डोळे पुसत घरी येणं आठवलं. तेव्हा सगळं घर आपल्या मागे उभं होतं. ही मात्र तीनदा एकटीच नापास झाली होती.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “पुस्तक आण.”

“कुठलं?”

“गणिताचं. आण.”

“आई, तुला नाही कळणार त्यातलं.”

“मला कुठं पेपर द्यायचाय?”

वैष्णवीने ते जाडजूड पुस्तक आणलं. चार रंगांनी माखलेलं. मैनाताईंनी ते घेतलं, मिटलं आणि आपल्या मांडीखाली ठेवून त्यावर बसल्या. “हं. आता कुठलंही एक सांग मला. मी कुसाबाई आहे असं समज.”

वैष्णवीने नाक पुसलं. ती सांगायला लागली. काहीतरी बदलतं, ते कशाच्या मानाने बदलतं, मग ते दोन बाजूंना वेगळं करायचं. हात हलवत, हवेत रेघा काढत. मैनाताई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. अठरा वर्षं त्यांनी हजारो माणसांना ‘पास घरी राहिला’ म्हणताना ऐकलं होतं. खरोखर राहिलेला माणूस सावकाश सांगतो. खोटं बोलणारा शेवटचे चार शब्द भराभर बोलून टाकतो आणि खिडकीबाहेर बघतो.

“आणि मग दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन करून कॉन्स्टंट येतो आणि उत्तर निघतं,” वैष्णवी भराभर म्हणाली आणि फ्रिजकडे बघितलं.

“थांब,” मैनाताई म्हणाल्या. “हे तुला येत नाही.”

वैष्णवी दचकली. “तुला कसं कळलं?”

“कॉन्स्टंट कुठून आला?”

वैष्णवीने हवेत परत तीच रेघ काढली आणि अर्ध्यावरच सोडली. मग अगदी हळू म्हणाली, “मला माहीत नाही. मी ते नेहमी तसंच लिहिते.”

“बरं. मग तुझा पास इथं राहिलाय,” मैनाताई म्हणाल्या. त्या उठल्या, पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. वैष्णवीने ते पान शोधलं, मार्कर न घेता वाचलं, ओठ हलवत दोनदा वाचलं, आणि आपणहून मिटलं. मग ती परत पहिल्यापासून, सावकाश सांगायला लागली. मैनाताई समोर बसून कान देऊन ऐकत होत्या. त्यातलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.